बसणे आणि जुळणे

आपल्या घरातील भिंतींवर विजेच्या दोन जातींच्या खोबणी असतात. एक लहान, पाच-सहा अँपिअरची. दुसरी मोठी, पंधरा-सोळा अँपिअरची. टेबलावरच्या दिव्याचा प्लग लहान खोबणीत सहज जातो. पाणी तापविण्याच्या गीझरचा प्लग मात्र तिच्यात कितीही दाबला तरी शिरत नाही. कारण त्याच्या पिना जाड आहेत आणि त्या एकमेकींपासून अधिक दूर आहेत. शिवाय तीन पिनांपैकी अर्थिंगची पिन लांब व जाड ठेवलेली असते. ती सर्वांआधी आत शिरते, आणि तिच्यामुळे प्लग उलटा घालता येत नाही. ज्याने हे योजले त्याला ठाऊक होते की प्लग लावणारा माणूस प्रत्येक वेळी विचार करणार नाही. म्हणून त्याने आपला विचार पिनांच्या आकारातच घालून ठेवला. परंतु आपण काय करतो? प्लग नसला तर तारेची उघडी टोके खोबणीत घालतो आणि आगपेटीच्या काड्या खोचून ती घट्ट बसवितो. दिवा लागतो, आणि आपल्याला वाटते की काम झाले.

आजचा विषय जुन्या संगणकांतील व्हिडिओ कार्डांचा आहे. पण त्यातील मर्म या प्लगात आणि या काडीत आलेले आहे. एखादी वस्तू दुसरीत बसणे ही एक गोष्ट, आणि ती तिच्याशी जुळणे ही दुसरी. या दोहोंत अंतर पडू नये म्हणून यंत्रे घडविणाऱ्यांनी काय काय युक्त्या केल्या, त्या कोठे साधल्या आणि कोठे फसल्या, हे आम्ही येथे सांगणार आहोत.

प्रथम हे कोणाच्या उपयोगाचे, असा प्रश्न येईल. गेल्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत पुष्कळ लेखन, हिशेब आणि याद्या कागदावरून संगणकात गेल्या. त्यांतील कित्येक आजही त्या जुन्या यंत्रांतच पडून आहेत. असे एखादे यंत्र पुन्हा सुरू करावे, पंखा फिरावा, आतली चकती घरघरावी, आणि पडदा मात्र काळाच राहावा, असे होते. बहुधा व्हिडिओ कार्ड गेलेले असते. यंत्र जिवंत आहे, पण आंधळे आहे. मग जुन्या बाजारातून दुसरे कार्ड आणले जाते. ते बसेल का, आणि बसले तर चालेल का, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. कारण चुकीचे कार्ड घातले तर कार्डच जाते असे नाही, कधी कधी ज्यासाठी खटाटोप केला ते यंत्रही जाते.

व्हिडिओ कार्ड म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. आय.बी.एम. कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. त्याच्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, पडद्यावर अक्षरे उमटविण्याची सोय नव्हती. तेथे पाच लांबट खोबणी होत्या. जे गिऱ्हाइकाला हवे असेल त्याचे कार्ड घेऊन त्याने एखाद्या खोबणीत उभे रोवावे, अशी योजना होती. कार्डाच्या खालच्या कडेला दोन्ही अंगांना एकतीस-एकतीस, अशा एकूण ६२ सोनेरी पट्ट्या असत. खोबणीतील तेवढ्याच स्प्रिंगा त्या पट्ट्यांना पकडीत. पडद्यासाठी सुरुवातीला दोन कार्डे होती. एम.डी.ए. हे केवळ अक्षरांचे, एकरंगी, सी.जी.ए. हे रंगांचे आणि चित्रांचे. आय.बी.एम.ने यंत्राची तांत्रिक पुस्तिका आराखड्यांसह छापली. त्यामुळे त्या खोबणीत बसणारे कार्ड कोणालाही करता येऊ लागले. या एका गोष्टीचे परिणाम फार दूरवर गेले. त्यांच्याकडे आम्ही शेवटी वळू.

कार्ड खोबणीत बसण्यासाठी तीन गोष्टी जमाव्या लागतात: जागा, तोंड आणि विजेचा दाब. जागा जमली नाही तर ते डोळ्यांना दिसते. तोंड जमले नाही तर ते हाताला कळते. दाब जमला नाही तर मात्र धूर निघेपर्यंत काहीच कळत नाही. म्हणून याच क्रमाने पाहू.

जागेची गोष्ट घरातल्या कपाटासारखी आहे. लांबी, उंची आणि दोन फळ्यांमधले अंतर. पहिल्या पीसीत शेजारच्या दोन खोबणींत सुमारे एक इंच अंतर होते. मार्च १९८३ मध्ये एक्स.टी. हे यंत्र आले. त्यात आठ खोबणी करावयाच्या म्हणून हे अंतर सुमारे ०.८ इंचावर आणले गेले. पाव इंचाहूनही कमी फरक. त्याने काय होणार, असे वाटेल. १९८४ साली आय.बी.एम.ने प्रोफेशनल ग्राफिक्स कंट्रोलर नावाचे मातबर व्हिडिओ कार्ड काढले. ६४० आडवे व ४८० उभे ठिपके, ४०९६ रंगांतून एका वेळी २५६ रंग, आणि कार्डावरच स्वतंत्र ८०८८ प्रोसेसर. वस्तुतः ती तीन पाट्यांची थप्पी होती. बाहेरच्या दोन पाट्या शेजारशेजारच्या दोन खोबणींत जात, आणि तिसरी त्यांच्यामध्ये अडकविलेली असे. ही थप्पी नव्या अंतरासाठी बांधलेली होती. त्यामुळे त्याच कंपनीच्या पहिल्या पीसीत ती फेरफार केल्याशिवाय बसेना. घरातल्या थोरल्या भावाचा अंगरखा धाकट्याला होतो. येथे धाकट्याचा थोरल्याला होईना.

लांबीचेही असेच. पूर्ण लांबीचे कार्ड तेरा इंचांहून थोडे अधिक असे, आणि त्याचे पुढचे टोक पेटीच्या पुढच्या अंगाला असलेल्या प्लास्टिकच्या चिमट्यात धरले जाई. एक्स.टी.च्या आठ खोबणींपैकी दोन फ्लॉपीच्या खणामागे येत. तेथे आखूड कार्डच मावे. ऑगस्ट १९८४ मध्ये ए.टी. यंत्र आले तेव्हा उंची बदलली. पीसी-एक्स.टी.ची कार्डे ४.२ इंच उंच, तर ए.टी.ची ४.८ इंचांपर्यंत. उंच कार्ड जुन्या पेटीत घातले तर खालून ते नीट बसे, पण वरून झाकण लागत नसे. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात ते येथे अक्षरशः खरे आहे.

आता तोंडाकडे येऊ. ए.टी.ने एका वेळी आठऐवजी सोळा बिट वाहून नेण्याचे ठरविले. त्यासाठी जुनी ६२ पट्ट्यांची खोबण मोडून नवी करण्याऐवजी तिच्या पुढे, त्याच रेषेत, ३६ पट्ट्यांची दुसरी लहान खोबण जोडण्यात आली. जुने कार्ड पहिल्या भागात बसावे, नव्याने दोन्ही भाग वापरावेत. युक्ती सुरेख होती. पण एक अडचण उरलीच. काही जुन्या कार्डांची पाटी पट्ट्यांच्या पुढे खाली उतरलेली असे, जणू परकराचा घेर. जोडखोबण नसताना त्या घेराला मोकळी जागा होती. आता तो नव्या तुकड्यावर आदळू लागला. म्हणून ए.टी.च्या आठ खोबणींपैकी दोन मुद्दाम आखूड, जुन्या पद्धतीच्याच ठेवल्या गेल्या. जुन्या पाहुण्यासाठी ओसरीवर दोन पाट राखून ठेवावेत, तसे. उलट दिशेनेही थोडे जमते. सोळा बिटांची काही व्हिडिओ कार्डे आठ बिटांच्या खोबणीत, मागचे शेपूट बाहेर लोंबते ठेवूनही चालतात. मात्र त्या शेपटाखाली मदरबोर्डवरचा एखादा उंच भाग येता कामा नये.

एप्रिल १९८७ मध्ये आय.बी.एम.ने पी.एस./२ यंत्रांत मायक्रोचॅनेल नावाची सर्वस्वी निराळी खोबण आणली. तिच्यात जुने कोणतेच कार्ड जात नव्हते. दुसऱ्या वर्षी कॉम्पॅक व तिच्यासह इतर आठ कंपन्यांनी तिला उत्तर म्हणून ई.आय.एस.ए. ही पद्धत मांडली. तिची रचना पाहून आजही मनाला समाधान वाटते. तिची खोबण दुमजली होती. वरच्या मजल्यावर जुन्या कार्डाचे संपर्क, खालच्यावर नव्याचे. खालच्या मजल्याच्या वाटेवर मध्ये मध्ये आडकाठ्या होत्या. जुने कार्ड त्यांच्यावर टेकून वरच थांबे. नव्या कार्डाला बरोबर त्या जागी खाचा कापलेल्या असत, म्हणून ते तळापर्यंत उतरे. दोन पिढ्या एकाच दारातून आत येत आणि आपापल्या मजल्यावर थांबत. कोणाला काही सांगावे लागत नसे.

सगळ्याच युक्त्या इतक्या शहाण्या नव्हत्या. १९९२ साली व्हेसा लोकल बस निघाली. सोळा बिटांच्या खोबणीच्या पुढे आणखी एक तिसरी खोबण, आणि तिन्ही व्यापणारे लांबलचक कार्ड. चित्रे झपाट्याने उमटत, हे खरे. पण इतकी लांब कड एका दमात सरळ खाली दाबणे ही कसरत होती. एक टोक बसले की दुसरे उचलले जाई. आम्ही स्वतः एकदा असे कार्ड दोन्ही अंगठ्यांनी दाबीत असताना मदरबोर्ड खाली वाकला आणि कर्र असा बारीक आवाज झाला. कार्ड बसले, पण ते यंत्र पुन्हा कधी सुरू झाले नाही. पाटीच्या आतली केसासारखी एखादी तांब्याची रेघ तुटली असावी. त्या दिवसापासून आम्ही हाताला जोर लावण्याआधी पाटीखाली आधार आहे की नाही ते पाहू लागलो.

आतल्या खोबणीप्रमाणे कार्डाला मागच्या बाजूसही एक तोंड असते. तेथे पडद्याची, म्हणजे मॉनिटरची तार लागते. एम.डी.ए., सी.जी.ए. आणि १९८४ चे ई.जी.ए. या तिन्ही कार्डांना नऊ पिनांचे एकाच आकाराचे तोंड होते. मात्र संकेत निराळे होते. एकरंगी मॉनिटर दर सेकंदाला सुमारे अठरा हजार आडव्या रेषा काढण्यासाठी बांधलेला. रंगीत कार्ड सुमारे पंधरा हजार सातशेचा ताल देई. एकरंगी मॉनिटरची तार रंगीत कार्डाला सहज बसे, स्क्रूही घट्ट होत, आणि त्या चुकीच्या तालाने मॉनिटर कायमचा बिघडण्याचा धोका असे. येथे आकाराने पहारा दिलाच नाही. १९८७ च्या व्ही.जी.ए.ने तीन ओळींत पंधरा पिनांचे निराळे तोंड घेतले, तेव्हा हा घोटाळा संपला.

आता तिसरी आणि सर्वांत नाजूक गोष्ट, विजेचा दाब. १९९२ मध्ये इंटेलने पी.सी.आय. ही खोबण मांडली. तिच्या कार्डावर सुटे भाग जुन्या कार्डाच्या उलट अंगाला असतात. त्यामुळे एक जुनी आणि एक पी.सी.आय. खोबण अगदी जवळजवळ ठेवून दोघींना पेटीच्या मागे एकच खिडकी देता येते. जुन्या मदरबोर्डवर खोबणी मोजून सात भरतात आणि कार्डे सहाच मावतात, त्याचे कारण हे. दोघींपैकी एका वेळी एकच वापरावयाची. या पद्धतीत दाबाची दखल प्रथमच आकारात घेतली गेली. पाच व्होल्टच्या खोबणीत आडकाठी मागच्या खिडकीपासून दूर असते; ३.३ व्होल्टच्या खोबणीत ती खिडकीजवळ असते. कार्डाला ज्या दाबावर काम करता येते त्या जागी खाच कापावयाची. दोन्हींवर चालणाऱ्या कार्डाला दोन खाचा. म्हणजे खाच ही कार्डाने दिलेली कबुली झाली: हा दाब मला सोसतो.

१९९६ साली केवळ व्हिडिओ कार्डासाठी ए.जी.पी. खोबण निघाली. पहिली आवृत्ती ३.३ व्होल्टची. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत १.५ व्होल्ट आले, आणि २००२ च्या तिसऱ्या आवृत्तीत संकेतांचा दाब ०.८ व्होल्टपर्यंत उतरला. येथेही तोच कायदा. कार्डावर खिडकीकडची खाच म्हणजे ३.३ व्होल्ट, दूरची म्हणजे १.५ व्होल्ट. खोबणीत खिडकीकडे आडकाठी असेल तर ती ३.३ व्होल्टची, दूर असेल तर १.५ व्होल्टची, आणि आडकाठीच नसेल तर दोन्ही दाब देणारी. सर्वांनी हा कायदा पाळला असता तर आमच्या लेखाला विषयच उरला नसता.

पण सर्वांनी तो पाळला नाही. केवळ ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या काही कार्डांना निर्मात्यांनी दोन्ही खाचा कापून टाकल्या. जोवर बाजारातले मदरबोर्ड दोन्ही दाब सोसत होते तोवर हा खोटेपणा झाकून राहिला. पुढे, २००१ च्या सुमारास, फक्त १.५ व्होल्ट सोसणारे मदरबोर्ड आले. त्यांच्या आडकाठ्या बरोबर जागी होत्या. खोटी खाच असलेले कार्ड त्या आडकाठीवरून अलगद आत उतरले, बोटांना काही अडले नाही, आणि यंत्र सुरू करताच मदरबोर्डवरील मुख्य चिप जळू शकत होती. पहारेकरी जागेवर उभा होता, पण आत येणाऱ्याने खोटा परवाना दाखविला. मग काही निर्मात्यांनी मदरबोर्डवर एक लहान दिवा बसविला. ३.३ व्होल्टचे कार्ड घातले की तो लागे, आणि बटण दाबले तरी यंत्र सुरू होत नसे. आकारावरचा विश्वास उडाला म्हणून दिवा लावावा लागला.

याच काळात जागेचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. २००० सालचे व्हूडू ५ ५५०० हे दोन चिपांचे कार्ड लांबीने थोर होते, आणि खोबणीतून मिळणारी वीज न पुरल्याने त्याला हार्ड डिस्कची वीजतार वेगळी जोडावी लागे. २००३ च्या जीफोर्स एफ.एक्स. ५८०० अल्ट्रा या कार्डाचा पंखा एवढा मोठा होता की शेजारची खोबण वाया जाई. लांब कार्डाचे टोक कधी मेमरीच्या कडीवर येते, कधी उभ्या कपॅसिटरवर टेकते. कार्ड मोजताना त्याच्याबरोबर त्याचा पंखा आणि त्याची तारही मोजली पाहिजे.

मग जुने यंत्र घेऊन बसलेल्या माणसाने करावे काय? वीज काढावी, बटण बंद करून भागत नाही, तार भिंतीतून काढावी. पेटीच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरू द्यावी. कार्ड हातात घेऊन त्यावरील चिपचे नाव वाचावे आणि ती कोणत्या दाबाची आहे हे तिच्या कागदपत्रांत पाहावे. खाचेची साक्ष खरी, पण एकट्या तिच्यावर निकाल देऊ नये. मग खोबणीतील आडकाठी पाहावी, लांबी-उंची फूटपट्टीने मोजावी, मागचे तोंड आणि मॉनिटर एकाच जातीचे आहेत याची खात्री करावी. हे सारे झाल्यावरच कार्ड खोबणीवर सरळ धरावे आणि पाटीला आधार देऊन बेताने दाबावे. ते अडले तर थांबावे. अडणे हा यंत्राचा हट्ट नसतो; वीस-तीस वर्षांपूर्वी कोणीतरी आपल्यासाठी लिहून ठेवलेला तो निरोप असतो. खाच कानशीने रुंद करून कार्ड बसविणारेही आम्ही पाहिले आहेत. ती भिंतीतल्या खोबणीत खोचलेली काडीच होय.

आता सुरुवातीला राखून ठेवलेली गोष्ट. खोबणीचे माप जाहीर झाले म्हणून काय घडले? व्हॅन सुवन्नुकुल यांना आपला डॉक्टरेटचा प्रबंध थाई लिपीत लिहावयाचा होता. एम.डी.ए. कार्डात अक्षरे ठरीव, आणि सी.जी.ए.चे ठिपके थाई अक्षरांना पुरे पडेनात. त्यांनी १९८२ मध्ये स्वतःच ७२० गुणिले ३४८ ठिपक्यांचे कार्ड केले. तेच पुढे हर्क्युलिस ग्राफिक्स कार्ड म्हणून नावाजले. आमच्याकडेही असेच झाले. कानपूरच्या आय.आय.टी.त सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेत आले, आणि जिस्ट कार्ड तयार झाले. हेही पीसीच्या खोबणीत बसणारे कार्डच. ते रोवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्येही पडद्यावर देवनागरी उमटू लागे.

ज्यांनी १९८१ मध्ये ती ६२ पट्ट्यांची खोबण आखली त्यांच्या मनात ना थाई होती ना मराठी. त्यांनी माप नेमके ठेवले आणि ते लपविले नाही, एवढेच केले. आणि त्या मापावर विसंबून दूरदेशीच्या अनोळखी माणसांनी आपापली लिपी आत नेली. म्हणून खोट्या खाचेचा अपराध आम्हाला जळालेल्या चिपेपेक्षा मोठा वाटतो. एकाने माप मोडले की पुढच्या सर्वांना प्रत्येक मापाविषयी शंका घ्यावी लागते.

आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर, कचेरीच्या अडगळीत किंवा वाचनालयाच्या कोपऱ्यात असे एखादे आंधळे झालेले यंत्र असेल. त्यात कोणाचे तरी मराठी लेखन अडकलेले असण्याचा संभव आहे. ते भंगारात देण्याआधी पेटी उघडून पाहावी. कार्ड मिळते, जुळतेही. जोर मात्र हातात नव्हे, डोळ्यांत असू द्यावा.